वाचण्यात ६४, ऐकण्यात ४६ : ईएफ सेट या मोफत चाचणीचा माझा अनुभव

मी मिरजेत एका खासगी रुग्णालयात आयसीयूला स्टाफ नर्स आहे. यूकेला जायचं मनात आहे. तिथल्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलला, म्हणजे एनएमसीला, इंग्रजीच्या परीक्षेचे किती गुण लागतात हे आमच्याकडे आता सगळ्या सिस्टरांना पाठ झालंय. आयेल्ट्स ॲकॅडेमिक, म्हणजे परदेशी शिकायला-नोकरीला जाणारे देतात ती इंग्रजीची परीक्षा, दिली तर वाचन, श्रवण आणि संभाषण या तिन्हींत ७, लेखनात ६.५. ओईटी, म्हणजे खास डॉक्टर-नर्सांसारख्यांसाठीची इंग्रजीची परीक्षा, दिली तर त्या तिन्हींत बी ग्रेड, म्हणजे ३५०, आणि लेखनात सी प्लस, म्हणजे ३००. मी चौकशी केली तेव्हा आयेल्ट्सची फी सतरा-अठरा हजारांच्या घरात होती. ओईटीची ५८७ ऑस्ट्रेलियन डॉलर, म्हणजे तीस हजारांच्या पुढेच. एवढे पैसे भरायच्या आधी आपल्याला इंग्रजी नक्की कितपत येतं हे कळावं, एवढंच मला हवं होतं. ते कळायला मला चार महिने लागले. माझ्यासारख्या मराठी शाळेतून आलेल्या कुणाला तरी उपयोग होईल म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

सुरुवात एका क्लासपासून झाली. नाव लिहीत नाही. ‘लेव्हल टेस्ट मोफत’ असा बोर्ड होता म्हणून नाईट ड्युटी संपवून थेट तिथेच गेले. त्यांनी वीस प्रश्नांचा एक कागद दिला. गाळलेल्या जागा, प्रीपोझिशन, ॲक्टिव्हचं पॅसिव्ह. वेळ पंधरा मिनिटं. कानांना काही ऐकवलं नाही, तोंडून एक वाक्य बोलवून घेतलं नाही. मॅडम कागद घेऊन आत गेल्या आणि पाच मिनिटांत बाहेर येऊन म्हणाल्या, “ताई, तुमची लेव्हल बेसिक आहे. सहा महिन्यांचं पॅकेज घ्यावं लागेल. पंचेचाळीस हजार.” मी म्हटलं, मॅडम, माझं कुठं चुकलं तेवढं दाखवता का? तर म्हणाल्या, पेपर आम्ही परत देत नाही.

घरी येऊन मला झोप लागली नाही. बेसिक म्हणजे काय? कशात बेसिक? आयसीयूत आम्ही नातेवाइकांना रिपोर्ट न दाखवता सांगितलं, की पेशंट सिरीयस आहे, इतके पैसे भरा, तर ते ऐकून घेतील का? तपासणी केली तर काय सापडलं ते सांगायला हवं, आणि तपासायचं तेच तपासायला हवं. ताप आहे का बघायला कुणी वजनकाट्यावर उभं करत नाही.

ईएफ सेटचं नाव मला आमच्याकडून आयर्लंडला गेलेल्या एका ब्रदरने, म्हणजे पुरुष नर्सने, सांगितलं. ईएफ म्हणजे एज्युकेशन फर्स्ट, १९६५ साली स्वीडनमध्ये सुरू झालेली भाषाशिक्षणाची कंपनी. त्यांची ही चाचणी ऑनलाइन आहे आणि मोफत आहे. त्यात तीन प्रकार आहेत : पंधरा मिनिटांची झटपट, पन्नास मिनिटांची वाचन आणि श्रवणाची, आणि नव्वद मिनिटांची, जिच्यात बोलणं आणि लिहिणंही येतं. मी पन्नास मिनिटांचीच आधी दिली, आणि इतरांनाही तीच आधी द्या असं सांगेन. पंचवीस मिनिटं वाचन, पंचवीस मिनिटं श्रवण.

या चाचणीत सगळ्यांना सारखे प्रश्न येत नाहीत. तुमची उत्तरं बरोबर येत गेली की पुढचे उतारे अवघड होत जातात, चुकत गेली की सोपे. त्यामुळे मध्येच अचानक अवघड वाटायला लागलं तर घाबरू नका, ते चांगलं लक्षण असतं. मला हे आधी माहीत नव्हतं. वाचनाच्या शेवटाकडे आलेला उतारा इतका घट्ट होता की आपण बुडालो असंच वाटलं होतं.

रविवारी दुपारी बसले. धाकट्या भावाचा लॅपटॉप, स्वयंपाकघरातलं टेबल, वायरचे इअरफोन. पंखासुद्धा बंद केला, कारण आमच्या पंख्याचा आवाज येतो. मुलीला आणि यांना सांगून ठेवलं की तासभर हाक मारू नका. गुण लगेच आले : वाचन ६४, श्रवण ४६, एकूण ५५. पातळी बी-२.

पातळी म्हणजे काय ते इथे सांगते, कारण मलाही तोपर्यंत नीट ठाऊक नव्हतं. युरोपातल्या कौन्सिल ऑफ युरोप या संस्थेने २००१ साली भाषा मोजायची एक चौकट छापली. तिला सीईएफआर म्हणतात. सहा पायऱ्या : ए-१, ए-२, बी-१, बी-२, सी-१, सी-२. ए म्हणजे नवशिका, बी म्हणजे आपलं काम आपण करू शकणारा, सी म्हणजे सफाईने वापरणारा. ईएफ सेटमध्ये ३१ ते ४० गुण म्हणजे ए-२, ४१ ते ५० बी-१, ५१ ते ६० बी-२, ६१ ते ७० सी-१ आणि त्यावर सी-२. आयेल्ट्सचे ७ बँड साधारण सी-१च्या उंबरठ्यावर येतात.

म्हणजे एकूण ५५, बी-२, असं वाचून मला वाटलं, चला, थोडंच उरलंय. यांनी तर संध्याकाळी जिलेबी आणली. रात्री भांडी घासताना माझ्या लक्षात आलं की मी एकाही विषयात बी-२ नाहीच. वाचनात सी-१ आहे आणि ऐकण्यात बी-१. बी-२ फक्त सरासरीत आहे. आणि एनएमसी सरासरीला विचारत नाही. तिन्हींत वेगवेगळे ७ लागतात. दोन वेळच्या परीक्षांचे गुण बारा महिन्यांच्या आत एकत्र धरता येतात, पण तिथेही प्रत्येक भागाला खालची मर्यादा आहेच. एका पेशंटला १०४ ताप आणि दुसऱ्याचं अंग गार, म्हणून वॉर्डाचं तापमान नॉर्मल, असं कोण लिहील?

म्हणून ईएफ सेट देणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं : मोठ्या अक्षरातला एकूण आकडा सोडा, खालचे वेगळे गुण बघा. ते वेगळे देतात हीच या चाचणीची सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे. त्या वीस प्रश्नांच्या कागदाने मला ‘बेसिक’ हा एक शब्द दिला होता. इथे पन्नास मिनिटांत कळलं की माझा आजार कानात आहे, डोळ्यांत नाही.

आता ६४ आणि ४६ एवढा फरक का, याचा मी बरेच दिवस विचार केला. मी जत तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले. आम्हाला इंग्रजी पाचवीपासून. २००० साली महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं, ते माझ्या भावाला मिळालं, मला नाही. पुढे जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला, सगळी पुस्तकं इंग्रजीतली. ॲनाटॉमी, फार्माकॉलॉजी, शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलं. गेली कित्येक वर्षं औषधाच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद मी नेमाने वाचते. म्हणून वाचन आलं.

पण इंग्रजी वाक्य मी ऐकलं कधी? आमच्या राउंडला डॉक्टर म्हणतात, “सिस्टर, बीपी फॉल होतंय, नॉरॲड वाढवा, युरिन आउटपुट अवरली बघा.” यातले निम्मे शब्द इंग्रजी आणि वाक्य अख्खं मराठी. क्रियापद मराठी, काळ मराठी, नकार मराठी. दिवसभर हजार इंग्रजी शब्द कानांवर पडतात, पण पूर्ण इंग्रजी वाक्य एकही नाही. मिरजेत त्यात कानडीही मिसळतं. त्यामुळे सगळे शब्द ओळखीचे असूनही वाक्याचा अर्थ हातातून निसटतो. तो अर्थ ज्या बारक्या शब्दांवर उभा असतो ते इंग्रज माणूस जवळजवळ गिळून टाकतो, आणि माझ्या कानाला ते कधी कुणी शिकवलेलेच नाहीत.

एक उदाहरण देते. सरावाच्या एका रेकॉर्डिंगमध्ये एक नर्स दुसरीला औषधाबद्दल सांगत होती. मी लिहून घेतलं, ‘शुड बी गिव्हन’. उत्तर चुकलं. पुन्हा ऐकलं, पुन्हा तेच ऐकू आलं. मग संहिता उघडून बघितली तर ‘शुड हॅव बीन गिव्हन’. ती बाई ‘हॅव’ म्हणतच नव्हती. ‘शुडव्ह बिन’ असं काहीतरी एका श्वासात जात होतं. मराठीत सांगायचं तर ‘द्यायला हवं’ आणि ‘द्यायला हवं होतं’. वॉर्डात याचा अर्थ काय होतो ते कुठल्याही नर्सला विचारा. पहिल्या वाक्यावर मी उठून इंजेक्शन भरेन. दुसऱ्या वाक्यावर मी आधी चार्ट बघेन की डोस चुकलाय का, कधीचा चुकलाय आणि डॉक्टरांना कळवलंय का. त्या ‘व्ह’वर पेशंटचा एक डोस अवलंबून आहे. ते रेकॉर्डिंग मी त्या रात्री वीसेक वेळा ऐकलं. इंग्रजीची परीक्षा का मागतात याबद्दल माझ्या मनात जो थोडा राग होता तो त्या दिवसापासून गेला.

ईएफ सेटने आजार दाखवला, पण किती खोल ते कळायला मला दुसरं साधन लागलं, आणि त्याला एक पैसाही पडत नाही. सीईएफआरचा स्वतःच स्वतःला तपासायचा एक तक्ता आहे. एका बाजूला पाच कौशल्यं : ऐकणं, वाचणं, समोरासमोर संवाद, सलग बोलणं, लिहिणं. दुसऱ्या बाजूला सहा पायऱ्या. प्रत्येक चौकोनात ‘मला अमुक करता येतं’ अशी वाक्यं. बी-१च्या ऐकण्यात काय, तर रोजच्या कामातल्या ओळखीच्या विषयावर कुणी स्पष्ट, सावकाश बोललं तर मुख्य मुद्दे कळतात. बी-२ला लांबलचक भाषण, व्याख्यान कळतं, विषय बऱ्यापैकी ओळखीचा असला की गुंतागुंतीचा युक्तिवादही पकडता येतो. सी-१ला बोलणं विस्कळीत असलं, मुद्दे उघड न बोलता नुसते सुचवलेले असले तरी समजतं. आयसीयूत घाबरलेला नातेवाईक बोलतो ते हेच, सी-१.

हा तक्ता मी झेरॉक्सवाल्याकडून ए-फोर कागदावर छापून आणला आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. पहिल्या दिवशी पेन घेऊन बरोबरच्या खुणा केल्या तेव्हा जवळजवळ सगळीकडे बी-२ आलं, दोन ठिकाणी सी-१. बघून बरं वाटलं. पण चार्ट भरायची सवय असलेल्या माणसाला वेळ आणि तारीख नसलेली नोंद बघवत नाही. आमच्याकडे नियमच आहे : लिहिलं नाही म्हणजे केलं नाही. म्हणून मी ठरवलं की प्रत्येक खुणेशेजारी ती गोष्ट आपण शेवटची कधी केली त्याची तारीख लिहायची. तारीख आठवत नसेल तर खूण पुसायची.

वाचनाच्या तारखा भराभर आल्या, कालच्या, परवाच्या. लिहिण्यात अडले. संवादाच्या ओळीत बी-२ला वाक्य आहे की मूळ इंग्रजी बोलणाऱ्यांशी सहज, न अडखळता बोलणं चालतं. तिथे तारीख नाही. आयुष्यात एकही नाही. बी-१ला खाली आले : ओळखीच्या विषयावर, तयारी न करता संभाषणात उतरता येतं. तिथे एक तारीख आठवली, आणि ती आठवून मी बराच वेळ कपाटासमोर उभी राहिले.

मागच्या वर्षी एक ट्रकड्रायव्हर आमच्याकडे ॲडमिट होता. हायवेवर अपघात झालेला, तमिळनाडूतल्या नामक्कलचा. रात्री अडीचला त्याच्या भावाचा फोन आला. हिंदी येत नव्हती, मराठीचा प्रश्नच नव्हता. इंग्रजी येत होतं. त्याने विचारलं, माझा भाऊ वाचेल का, शुद्धीवर आहे का, आम्ही निघू का. मला सगळं कळलं. पण माझ्या तोंडून ‘पेशंट स्टेबल’ एवढंच आलं, पुन्हा पुन्हा तेच. स्टेबल म्हणजे वाचेल का, असं त्याने विचारलं तेव्हा माझ्याकडे वाक्य नव्हतं. शेवटी केरळच्या सिस्टरला हाक मारली आणि फोन तिच्या हातात दिला. तिने दोन मिनिटांत त्याला शांत केलं. मला तिच्याइतकंच सगळं माहीत होतं. पेशंटचे व्हायटल्स तर मीच लिहिले होते.

त्या चौकोनात मी ती तारीख लिहिली नाही. खूण पुसून ए-२वर केली. ए-२च्या वाक्यात म्हटलंय की साध्या, नेहमीच्या कामापुरती देवाणघेवाण जमते, पण संभाषण पुढे चालू ठेवण्याइतकं सहसा समजत नाही. माझ्या बाबतीत समजण्याचा प्रश्न नव्हता, बोलण्याचा होता, तरी पायरी तीच. कपाटाच्या दारावर वाचन सी-१ आणि संवाद ए-२ हे एकाच बाईच्या नावावर शेजारी-शेजारी दिसायला लागलं. असा कागद कुठलाही क्लास तुम्हाला देणार नाही, कारण त्यांच्याकडे तुमच्या तारखा नसतात.

इतर दोन साधनं मी करून बघितली, त्यांच्याबद्दल थोडक्यात. केंब्रिजच्या साइटवर पंचवीस प्रश्नांची मोफत चाचणी आहे. व्याकरण आणि शब्दांपुरती ठीक आहे. त्यांची कुठली परीक्षा तुम्हाला झेपेल याचा अंदाज देते. ऐकणं त्यात नाही, त्यामुळे माझ्या कामाची नव्हती.

दुसरं डायलांग. हे इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठाच्या साइटवर आहे, जुनं दिसतं, पण मला मनापासून आवडलं. युरोपातल्या चौदा भाषांसाठी बनवलेलं. सुरुवातीला क्रियापदांची एक यादी येते. त्यात काही खरी आणि काही बनवलेली, दिसायला अगदी खऱ्यासारखी. कुठली खरी ते सांगायचं. मग मुख्य चाचणीच्या आधी तुम्हालाच विचारतं, तुम्हाला हे येतं का, ते येतं का. चाचणी झाली की दोन्ही शेजारी ठेवून सांगतं की तुम्ही स्वतःला जास्त समजलात का कमी. मला सांगितलं : ऐकण्यात स्वतःला जास्त समजताय, वाचण्यात कमी. हे वाचून मी थबकले. वाचण्यात कमी! मराठी शाळेतली म्हणून जे मला नीट येतं त्याच्यावरही माझा विश्वास नव्हता, आणि जे येत नव्हतं ते मात्र शब्द ओळखीचे म्हणून येतं असं धरून चालले होते. डायलांग प्रमाणपत्र देत नाही. निदान देतं, ते चांगलं देतं.

आता बोलण्याबद्दल, कारण आमच्याकडच्या सगळ्या सिस्टरांचा प्रश्न तोच असतो. ईएफ सेटच्या नव्वद मिनिटांच्या चाचणीत तुम्ही माइकवर उत्तरं बोलता आणि ती संगणक तपासतो. मी दिली. उच्चार आणि व्याकरणाचा अंदाज येतो. पण समोर माणूस नसतो, आणि माझी अडचण समोरच्या माणसापाशीच आहे. ओईटीच्या संभाषणात दोन रोलप्ले असतात, प्रत्येकी पाच मिनिटांच्या आसपास. आधी कार्ड वाचायला तीन मिनिटं मिळतात. तुम्ही नर्स, समोरचा पेशंट किंवा नातेवाईक. त्यात नुसतं इंग्रजी नाही, तर तुम्ही समोरच्याचं ऐकून घेता का, त्याला कळेल अशा भाषेत सांगता का, हेही मोजतात.

म्हणून मी आणि केरळच्या सिस्टरने नाईटला तीनच्या सुमाराला, वॉर्ड शांत असताना, रोलप्ले सुरू केले. ती पेशंटची बायको होते, मी नर्स. मोबाइलवर रेकॉर्ड करायचं आणि आठवडाभराने ऐकायचं. लगेच ऐकलं तर आपण काय म्हणणार होतो ते डोक्यात ताजं असतं आणि तेच ऐकू येतं. आठवड्याने ऐकलं की खरंच काय बोललो ते ऐकू येतं. पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये तिने विचारलं, यांना पाणी का देत नाही? मी म्हटलं, ही इज एनबीएम. तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हटलं, नील बाय माउथ. तिसऱ्यांदा तिने आवाज चढवला, अगदी खऱ्या बायकोसारखा. तेव्हा माझ्या तोंडून पहिल्यांदा साधं वाक्य आलं की उद्या ऑपरेशन आहे, पोट रिकामं नसेल तर भूल देताना अन्न छातीत जाऊ शकतं. मोडकंतोडकं होतं, पण वाक्य होतं. मराठीत हेच मी रोज दहा जणांना प्रेमाने सांगते. म्हणजे सांगायची कला माझ्याकडे आहे, फक्त इंग्रजीत ती शॉर्टफॉर्मच्या मागे लपलीय.

लिहिण्याचंही तेच. आमच्या नर्सिंग नोट्स बघा : ‘पेशंट कॉन्शस, ओरिएंटेड, व्हायटल्स स्टेबल, नो फ्रेश कंप्लेंट्स.’ एकाही वाक्यात क्रियापद नाही. वर्षानुवर्षं असंच लिहिल्यावर ओईटीत पेशंटला दुसरीकडे पाठवताना लिहायचं १८० ते २०० शब्दांचं पत्र कसं जमणार? त्याला पंचेचाळीस मिनिटं मिळतात, त्यातली पाच फक्त वाचायला. हे मोजायला मला कुठलीही मोफत चाचणी सापडली नाही. पत्र लिहून जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावं लागतं. पैसे खर्च करायचे तर मी इथे करेन, आणि करतेय. इंग्रजीच्या एका निवृत्त शिक्षिका पत्रामागे शंभर रुपये घेतात आणि लाल पेनाने समास भरून टाकतात. चूक कुठली ते दाखवतात. मला हवं होतं ते एवढंच.

मग ईएफ सेट घ्यावी का? जरूर घ्या. मोफत आहे, गुण वेगवेगळे देते, तासाभरात होते. नावाचं प्रमाणपत्रही मिळतं. ते बायोडेटाला लावता येईल, पण एनएमसीकडे चालत नाही. परीक्षांपैकी तिथे फक्त आयेल्ट्स ॲकॅडेमिक आणि ओईटी. कुणी एजंट तुम्हाला ‘हे सर्टिफिकेट पुरेल’ म्हणाला तर तिथून उठा. चाचणीवर कुणाची देखरेख नसते, त्यामुळे शेजारी मुलीला बसवून उत्तरं विचारणं सहज शक्य आहे. तसं केलंत तर तो आकडा तुमच्या मुलीचा असेल. नाईट करून आल्यावर देऊ नका. मी एकदा तसं करून बघितलं, श्रवण ३९ आलं, तो माझ्या झोपेचा आकडा होता. दर आठवड्यालाही देऊ नका. सलाईन लावून पाच मिनिटांनी बीपी घेऊन काय कळणार? मी तीन महिन्यांनी घेतली.

त्या तीन महिन्यांत रोज अर्धा तास फक्त कान. ओईटीच्या साइटवर नमुना पेपर मोफत आहेत. त्यातलं रेकॉर्डिंग परीक्षेत एकदाच ऐकवतात, म्हणून मीही आधी एकदाच ऐकून उत्तरं लिहायची. मग संहिता उघडायची आणि जिथे चुकलं तिथे तो गिळलेला शब्द शोधून त्याच्याभोवती गोल करायचा. माझ्या वहीत ‘हॅव’, ‘टू’, ‘ऑफ’, ‘हिम’ आणि ‘कान्ट’ यांच्याभोवतीच सगळे गोल आहेत. वैद्यकीय शब्दाभोवती एकही नाही. मुलगी आठवीला आहे, सेमी-इंग्लिशला. ती संध्याकाळी शेजारी बसून वाक्यं घाईघाईने वाचून दाखवते आणि मी लिहून घेते. तिला यात मजा वाटते.

जुलैमध्ये पुन्हा पन्नास मिनिटांची दिली. वाचन ६६, श्रवण ५७. ओईटीच्या नमुना श्रवणात ४२ पैकी २८ आले. बी ग्रेडला तिशीच्या आसपास लागतात असं धरून मी चालले आहे.

कपाटाच्या दारावर ऐकण्याच्या बी-२च्या चौकोनात आता तीन तारखा आहेत. संवादाच्या बी-१मध्ये एक आहे, ११ ऑगस्ट. गोव्याहून ट्रान्सफर होऊन आलेल्या एका परदेशी बाईंना मी डिस्चार्जची सगळी औषधं समजावून सांगितली. त्यांनी पाच-सहा प्रश्न विचारले आणि केरळच्या सिस्टरला मी हाक मारली नाही. बी-२चा चौकोन अजून कोरा आहे. परीक्षेची फी मी भरलेली नाही. गुरुवारी आम्हा दोघींची नाईट एकत्र आहे. सकाळचा हँडओव्हर तिने मराठीत द्यायचा आणि मी इंग्रजीत, असं ठरलंय.